धुराड्यावरचं नाव

कोल्हापूर,
३ ऑक्टोबर २०२३

पृथ्वीराज,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात लिहून शाई संपवत नाही.

फोन केला की तू गाडीत असतोस, नाही तर मीटिंगमध्ये, नाही तर 'काकी, आवाज कट होतोय' म्हणतोस. सत्तर वर्षांत माझा आवाज कुणाला कट करता आला नाही. म्हणून पत्र. पत्राला असलं काही सांगता येत नाही.

मला एक कॅमेरा घ्यायचा आहे. लांबचं जवळ आणणारा. माझ्या हाताला दोन वर्षं झाली कंप आहे, चहाची कपबशी वाजते, तेव्हा हात हलला तरी फोटो हलणार नाही असा हवा. असले कॅमेरे निघालेत हे मी वाचनालयातल्या मासिकात वाचलं. छापलेलं सगळंच खरं नसतं, म्हणून तुला विचारते. तू कॅमेऱ्यातला मोठा माणूस आहेस असं तुझ्या आईनं सगळ्या भावकीत सांगून ठेवलंय.

तीनच प्रश्न आहेत. कुठला घेऊ? मला पेलेल का? आणि पाचशे मीटरवरची वीतभर वस्तू त्यात ओळखू येईल का?

कशाला हवा ते विचारू नकोस.

तुझी काकी,
अंबूबाई


पुणे,
१० ऑक्टोबर २०२३

ती. काकी,

नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसच्या टेबलावर ठेवलं होतं. हाताने लिहिलेलं पत्र आमच्याकडच्या पोरांनी तीनदा उलटसुलट करून पाहिलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कॅमेरा घेणं म्हणजे भाजी घेणं नव्हे. तुम्ही म्हणता तो प्रकार म्हणजे सुपरझूम. लेन्स अंगालाच चिकटलेली, सुटी होत नाही. आम्ही सिरीयस लोक त्याला कॅमेरा म्हणत नाही. आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. त्यापेक्षा बॉडी वेगळी घ्या, चारशे एमएमची लेन्स वेगळी घ्या, दणकट ट्रायपॉड घ्या. सगळं मिळून चार-पाच किलो होईल, पण क्वालिटीला पर्याय नाही.

हाताच्या कंपाचं म्हणाल, तर स्टॅबिलायझेशन ही नवशिक्यांची कुबडी आहे. खरं तंत्र श्वासात असतं. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास रोखायचा आणि शटर दाबायचं. सोबत मी काढलेला वाघ पाठवतो. ताडोबा, मे महिना, पंचेचाळीस डिग्री, चालत्या जिप्सीतून, हातात धरून. हॉलमध्ये लावा.

बाकी सब्जेक्ट कळल्याशिवाय लेन्स सांगता येत नाही. रंकाळ्यावरचे पक्षी? अंबाबाईचा कळस? की समोरच्या गच्चीवर कोण काय वाळत घालतंय ते?

तुमचा,
पृथ्वीराज


कोल्हापूर,
१५ ऑक्टोबर २०२३

पृथ्वीराज,

वाघ पोचला. चांगला आहे. कंटाळलेला दिसतो, पण त्यालाही बिचाऱ्याला तुमचा सगळा ग्रुप बघावा लागला असेल.

मी तीन प्रश्न विचारले होते. तू चार पानं टाइप करून पाठवलीस आणि त्यात तिन्हींची उत्तरं नाहीत. शाळेत असताना तू निबंध असाच लिहायचास.

पाच किलो म्हणतोस. मी भाजीसुद्धा दोन पिशव्यांत वाटून आणते. आणि श्वास रोखायला सांगतोस. माझ्या वयाच्या बाईनं श्वास रोखला की शेजारचे लोक लाकडं आणायला जातात.

काल राजारामपुरीत एका दुकानात गेले होते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आज्जी, कॅमेरा कशाला, मोबाइलच घ्या की. शंभरपट झूम हाय." त्याच मोबाइलनं मी समोरच्या मेडिकलच्या पाटीचा फोटो काढला. ती पाटी तुझ्या काकांनी रंगवलेली, एकोणीसशे ब्याण्णवची. आता त्या गल्लीत तेवढी एकच हाताची उरली आहे, बाकी सगळं फ्लेक्स. फोटो शंभरपट केला तर अक्षरं भिजलेल्या पापडासारखी झाली. मी म्हटलं, "बाळ, हे जवळ आलं न्हाई, नुसतं फुगलंय." तो म्हणाला, "शंभरपट म्हंजे असंच असतंय, आज्जी."

तर फुगणं आणि जवळ येणं यात फरक काय, तो कॅमेऱ्यावर कुठं लिहिलेला असतो, एवढं सांग. एका पानात.

अंबूबाई


पुणे,
२२ ऑक्टोबर २०२३

ती. काकी,

एका पानात सांगतो.

ऑप्टिकल झूम म्हणजे आतल्या काचा पुढेमागे सरकून खरोखर जवळ आणतात. डिजिटल झूम म्हणजे काढलेला फोटो ताणणं, तुमच्या भाषेत फुगवणं. खोक्यावर 'ऑप्टिकल' असं लिहिलेला आकडा तेवढा खरा धरा. साठपट असेल तर तुमचं काम होईल. वजन किलो-दीड किलो. डोळा लावायची खिडकी असलेला घ्या, म्हणजे कॅमेरा कपाळाला टेकतो आणि हात कमी हलतो. स्टॅबिलायझेशन म्हणजे तुमचा हात डावीकडे गेला की आतली एक काच तेवढीच उलट बाजूला सरकते. साठपट झूमला ते नसेल तर तुमच्याच काय, पैलवानाच्या हातातही फोटो हलेल. एवढं मी मान्य करतो. तरी तो कॅमेरा नव्हे.

आता माझं ऐका. आईला मी विचारलं. ती म्हणते, तुमच्या मागच्या घरवाल्यांनी हद्दीवर भिंत घेतली आहे आणि तुम्ही पुरावा गोळा करताय. काकी, दुसऱ्याच्या घराचे फोटो काढणं हा गुन्हा होऊ शकतो. सत्तराव्या वर्षी पोलीस स्टेशनला जाऊन बसलात तर मला पुण्याहून यावं लागेल, आणि वर्षाखेरीला आमच्या प्रोजेक्टची डेडलाइन आहे.

पृथ्वीराज


कोल्हापूर,
२८ ऑक्टोबर २०२३

पृथ्वीराज,

तुझ्या डेडलाइनला धक्का लागू नये म्हणून सांगते.

हायवेच्या पुलापलीकडे बंद पडलेली तेलाची गिरणी आहे. तिचं विटांचं धुराडं लहानपणी तू पाहिलं आहेस, बेळगावहून येताना तुम्ही पोरं 'आलं कोल्हापूर' म्हणून ओरडायचात ते. त्यावर उभी, माणसाएवढी पांढरी अक्षरं आहेत, गिरणीचं नाव. ती एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली तुझ्या काकांनी रंगवली. ते काम त्यांनी आयुष्यभर सांगितलं. कोल्हापुरात बाळासो पेंटर एवढ्या उंचीवर चढलेला दुसरा माणूस नाही, असं. दर लग्नात, दर बारशाला. जेवणावळीत पंगत बदलायची, धुराडं तेच.

शेवटचा हात मारून ते घरी आले ती संध्याकाळ मला आठवते. कानाच्या पाळीला पांढरा रंग होता. म्हणाले, "अंबू, तुझं नाव लिवून आलोय. वरच्या लोखंडी कड्याखाली, हायवेच्या अंगाला."

मी म्हटलं, "मला कुटं वाचाय येतंय?"

"म्हणून तर वर लिवलंय. शीक, मग बघ जा."

शाळेत मी गेले नव्हते. त्या हट्टानं शिकले. त्यांच्या पाट्या वाचत शिकले. 'किराणा' आधी आलं, 'सायकल दुरुस्ती' नंतर, 'येथे थुंकू नये' सगळ्यांत सोपं, कारण ते सगळीकडे होतं. पुढं पुस्तकांना लागले. वाचता आलं तोवर लांबचं दिसेनासं झालं होतं. दुर्बीण आणू म्हटलं तर चिडायचे. "माझ्यावर भरोसा न्हाय व्हय?" म्हटल्यावर कोण विचारतंय.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचे ब्रश मी अजून महिन्यातून एकदा टर्पेंटाईनमध्ये धुऊन ठेवते. वापरायला कुणी नाही, पण कडक झालेला ब्रश मला बघवत नाही.

आता गिरणीच्या जागेवर बारा मजली इमारती होणार आहेत. संक्रांत झाली की धुराडं पाडणार, तशी पाटी लावली आहे. फ्लेक्सची. गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. पुलावरून बघितलं तर कड्याखाली एक पांढरा डाग दिसतो. तो माझं नाव आहे की घारीची शिट, एवढंच मला बघायचं आहे. तुझे काका थापा मारायचे हे मलाही माहीत आहे. नसेल नाव तर नसेल. पण ते मला एकटीला कळू दे, फोटोग्राफर बोलावून चार लोकांत नको.

हद्दीवरची भिंत मीच त्यांना घ्यायला सांगितली. त्यांची शेळी माझी तुळस खात होती. तुझ्या आईला सांग.

अंबूबाई


पुणे,
४ नोव्हेंबर २०२३

ती. काकी,

पत्र दोनदा वाचलं. आधीच सांगितलं असतंत तर.

पहिला विचार ड्रोनचा आला, पण नकाशा पाहिला तर विमानतळ जवळ आहे, तिथे ड्रोन उडवता येत नाही. तेव्हा तुम्ही काहीही विकत घेऊ नका. मी स्वतः येतो. दिवाळी झाली की शनिवारी, अठरा तारखेला, सकाळी पोचतो. माझी सहाशेची लेन्स आणतो. काकांचं काम आहे, ते नखाएवढ्या सेन्सरवर करायचं नाही. नाव असलं तर अक्षरातली रंगाची भेगसुद्धा दाखवतो तुम्हाला.

पृथ्वीराज


कोल्हापूर,
६ डिसेंबर २०२३

पृथ्वीराज,

अठरा तारखेला मी तांबडा-पांढरा रस्सा करून ठेवला होता. दुपारी तुझा फोनवर निरोप आला. ग्रुपबरोबर भिगवणला फ्लेमिंगो बघायला जावं लागलं, दोन दिवस आधी ठरलं, वगैरे. मी फ्लेमिंगोचं चित्र बघितलं. पाय छान आहेत. ते दर वर्षी येतात म्हणे. धुराडं येणार नाही.

रस्सा मागच्या घरी दिला. शेळीवाल्यांना.

त्यानंतरच्याच सोमवारी जाऊन कॅमेरा घेतला. त्याच दुकानात, पण या वेळी आतून मालकाला बाहेर बोलावलं. तीन कॅमेरे मांडायला लावले. एकावर मोठ्या अक्षरात दोनशे चाळीस लिहिलं होतं. मी विचारलं, "ह्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती?" मालक काउंटरच्या पोराकडे बघायला लागला. खरं साठ निघालं. दुसऱ्याला डोळा लावायची खिडकी नव्हती. तिसरा मी हातात घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिले आणि मेडिकलच्या पाटीतला खालचा कोपरा धरला. तिथं तुझ्या काकांची बारीक सही आहे. आधी ती हात सावरायची सोय बंद करून बघितली. सही अशी नाचत होती की मला हसू आलं. मग सुरू केली. एकदम थांबली. 'बाळासो', आणि खालची रेघ. चार वर्षांनी ती सही एवढ्या जवळून बघितली. मालक म्हणाला, "बसा आज्जी, पाणी देऊ?" मी म्हटलं, "बिल द्या."

पुढचं तुझ्या पुस्तकात नसेल म्हणून सांगते. पहिल्या दिवशी दुपारी पुलावर गेले. साठपट केलं की धुराडंच सापडत नाही. आभाळ येतं, तार येते, एकदा कावळा आला, तो चांगला आला आहे. धुराडं सापडलं तर ते पाण्यात असल्यासारखं हेलकावत होतं. मला वाटलं कॅमेरा फसवा निघाला. तीन दिवसांनी समजलं, रस्त्यावरून तापलेली हवा वर जाते, ती हलते. कॅमेरा हात सावरतो, हवा सावरत नाही. मग पहाटेची रिक्षा सांगितली. धुकं निघून गेल्यावर आणि ऊन चढायच्या आत अर्धा तास मिळतो. पुलाच्या कठड्यावर कॅमेरा टेकवला, खाली माझी शाल घडी करून. ट्रकवाले हॉर्न देत होते. एकानं ओरडून विचारलं, "ओ मावशी, काय दिसतंय?" मी म्हटलं, "तुझा नंबर."

फोटो सोबत आहे. डाग नाही. अक्षरं आहेत, वर रेघ ओढलेली आहे. पण मला वाचता येत नाहीत. शंभरदा बघितलं. मी स्वतः शिकलेली बाई, मला काय येत नसेल ते मला माहीत नाही. तू वाच.

अंबूबाई


पुणे,
१३ डिसेंबर २०२३

ती. काकी,

आधी अठरा तारखेबद्दल सॉरी.

आणि फोटो अपेक्षेपेक्षा खूपच शार्प आहे. कडेला थोडी जांभळी झाक आहे, ती या लेन्सना येतेच. पण हातात कंप असलेल्या माणसाने काढलाय असं कुणी म्हणणार नाही.

आता अक्षरांबद्दल. काकी, हे मराठी नाही. मी मोठं करून पाहिलं, वळणं सगळी गोलगोल, वेगळ्याच दिशेची. माझ्या मते कन्नड आहे. आमच्या टीममध्ये धारवाडचा एक जण आहे, त्याला जाता जाता दाखवलं, तो म्हणाला 'असू शकेल, जुनं वळण असेल.'

काका त्या सुमाराला सहा-आठ महिने निपाणीला कामाला होते ना? तंबाखूच्या वखारी रंगवायला? बाबा सांगायचे. मला काही म्हणायचं नाही. पण तेव्हाच्या काळात माणसं एकटी राहायची, ओळखी व्हायच्या. आता कशाला खोलात जायचं. काका तुमच्याशी कायम चांगलेच वागले.

पृथ्वीराज


कोल्हापूर,
१८ डिसेंबर २०२३

पृथ्वीराज,

तुला काही म्हणायचं नव्हतं, आणि तू ते चांगलं अर्धं पान म्हटलंस.

निपाणीला सात महिने होते. दर शनिवारी यायचे. दोन शनिवार आले नव्हते. ते दोन शनिवार मी गेले तीन दिवस धरून बसले आहे.

ब्रश या महिन्यात धुतले नाहीत.

अंबूबाई


पुणे,
२३ डिसेंबर २०२३

ती. काकी,

फार मोठी चूक केली. धारवाडच्या माणसाला आज फोटो नीट बसून दाखवला. तो म्हणाला, हे कन्नड नाहीच, तेलुगू नाही, कुठलंच नाही, आणि असलं काही घरी कळवण्याआधी विचारायचं होतंस. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणाले, ते दोन शनिवार काका आमच्याकडे होते, मला गोवर आला होता. तुमच्याकडे तेव्हा पाहुण्यांचं तान्हं मूल होतं म्हणून तुम्हाला सांगितलं नाही.

फोन केला, तुम्ही उचलला नाही. आवाज कट होतोय असं तरी म्हणा.

पृथ्वीराज


कोल्हापूर,
४ जानेवारी २०२४

पृथ्वीराज,

तुझ्या पत्राआधीच मला कळलं होतं, पण गोवराचं वाचून बरं वाटलं. तू तेव्हापासूनच माझे शनिवार खात आला आहेस.

झालं असं. ब्रश धुतले नाहीत तर टर्पेंटाईनचा वास घरातून गेला. नवव्या दिवशी मला राहवेना. ब्रश काढायला त्यांची पेटी उघडली. तळाशी टोचलेल्या कागदांची गुंडाळी होती. तुला माहीत नसेल, फ्लेक्सच्या जमान्यातला तू. तेच नाव पुन्हा पुन्हा रंगवायचं असेल किंवा दुसऱ्याकडून रंगवून घ्यायचं असेल तर पेंटर ते कागदावर काढतो आणि रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडतो. कागद भिंतीला लावायचा, वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांत नाव उमटतं. मग ज्याला वाचता येत नाही तोही ब्रशनं ठिपके जोडू शकतो.

एकेक कागद उलगडत गेले. 'किराणा'. 'श्रीराम पिठाची गिरणी'. आणि एक वीतभर उंचीचा. 'अंबू'.

हातानं काढलेलं माझं नाव मी पहिल्यांदा बघितलं. रेशनकार्डावर आहे, पण ते टाइप केलेलं.

कागद बघायला खिडकीशी धरला. भोकांतून ऊन आलं. हात हलला, कागद फिरला, मागची बाजू माझ्याकडे आली. आणि ठिपक्यांत तेच दिसायला लागलं. तुझं कन्नड. सगळी गोल वळणं, वेगळ्या दिशेची. फोटो शेजारी धरला. वळणाला वळण जुळलं.

कागद उलटा लावला होता, पृथ्वीराज. नाव माझंच आहे.

मग मी खाली बसले. थोडा वेळ रडले, ते तुला सांगायचं कारण नाही. पण रडता रडताच एक गोष्ट डोक्यात आली आणि रडणं थांबलं. पंधराव्या वर्षापासून अक्षर काढणारा माणूस. तो अक्षर उलटं कसं लावील?

दुसऱ्या दिवशी कागलच्या एसटीत बसले. तिथं बाबालाल राहतो. तेव्हा तुझ्या काकांच्या हाताखाली होता, आता नातवाच्या दुकानात पंक्चरच्या गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवत बसतो. मी कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलं आणि आधी मला चहा सांगितला. तेव्हाच मी ओळखलं.

"वर कोण चढलं होतं, बाबालाल?"

"वैनी, ते आता ऱ्हाऊ दे की."

"कोण चढलं होतं?"

"मीच. मालक कवाच चढलं न्हाईत. पाचव्या पायरीला त्यास्नी घाम फुटायचा. एकदा सातवीपतूर गेले, तर मला उचलून खाली आणाय लागलं."

"आणि चाळीस वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"मालकाचं असलं कसं सांगायचं? वर आन त्यांनी बजावलेलं, अंबूला कळाय न्हाय पायजे. मोठी अक्षरं ते खालनं ओरडून काढून घ्यायचे. डावीकडं सरक, मात्रा वर घे, रेघ लांब काढ. पण तुमच्या नावाच्या टायमाला गिरणीचा मॅनेजर हुता शेजारी उभा. त्याच्यापुढं बायकोचं नाव कसं ओरडायचं? नुसतं हात हलवत ऱ्हायले. मला कायबी कळंना."

"कागद उलटा लागलाय हे तुला कळलं नाही?"

"मला कुटं वाचाय येतंय, वैनी? भोकं दोनी अंगानं सारखीच. वर हे वारं. एका हातानं शिडी, एका हातानं कागद. जसा चिकटला तसा थोपटला. रंग मातर दोनदा दिला बघा." मग म्हणाला, "टिकलाय काय?"

"टिकलाय," मी म्हटलं.

"मग झ्याक."

एसटीत परत येताना मी विचार करत होते. त्यांनाही खालून दिसलं नसणार. बाबालालनं खरंच लिहिलं की नाही, काय लिहिलं, त्यांना कधीच कळलं नसणार. म्हणून दुर्बीण म्हटली की चिडायचे. मी त्यांना पकडीन याची भीती नव्हती. नाव तिथं नसेल याची होती. माझ्याइतकीच.

चढल्याची थाप खोटी होती, नावाची खरी. चाळीस वर्षं मी नेमकं उलटं धरून बसले.

ब्रश धुतले.

अंबूबाई


पुणे,
१० जानेवारी २०२४

ती. काकी,

पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं. ते हसले, मग आत जाऊन झोपले.

मी एवढंच करू शकलो. फोटो कॉम्प्युटरवर सरळ करून, मोठा प्रिंट काढून पाठवतो आहे. एका क्लिकचं काम आहे. आता 'अंबू' स्वच्छ वाचता येतं. जांभळी झाकही काढली. हा हॉलमध्ये लावा, वाघाच्या शेजारी.

धुराडं पाडतील त्या दिवशी येणार होतो, पण सुट्टी नाही. खरंच नाही. तुम्ही व्हिडिओ काढा. कॅमेऱ्यावर लाल टिपक्याचं बटण आहे.

आणि मान्य करतो. तो कॅमेरा आहे.

पृथ्वीराज


कोल्हापूर,
२३ जानेवारी २०२४

पृथ्वीराज,

धुराडं शनिवारी पाडलं. बाबालालला मी रिक्षानं कागलहून आणलं. पुलावर बरीच माणसं मोबाइल वर धरून उभी होती. मी आधी कॅमेऱ्यातून बाबालालला नाव दाखवलं. खिडकीला डोळा लावायला त्याला जमेना, मग पडद्यावर दाखवलं. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "ह्ये मी काढलंय व्हय? अक्षर चांगलं हाय की माझं."

लाल बटण दाबलं नाही. ज्याला एवढी वर्षं मान वर करून बघितलं त्याला पडताना खिडकीतून कशाला बघायचं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मधे वाकलं, मग बसलं. आवाज नंतर आला. धूळ आमच्यापर्यंत आली आणि बाबालाल टोपी झटकत म्हणाला, "मालक असते तर म्हणाले असते, मीच पाडलं." आम्ही दोघंही हसलो. लोक बघायला लागले.

तू सरळ केलेला फोटो परत पाठवते आहे. मी उलटाच फ्रेम केला. फ्रेमवालाही म्हणाला, "आज्जी, उलटा लागलाय, सरळ करून देतो." कोण येईल तो असंच म्हणणार, आणि मला दर वेळी सांगावं लागणार की लिहायला कुणी सांगितलं आणि वर कोण चढलं. तेवढ्यासाठीच लावला आहे. सरळ केला की त्यात बाबालाल उरत नाही.

आता तुझा वाघ. काल फ्रेमसाठी जागा करताना भिंतीवरून काढला. चष्मा घातलेला होता म्हणून नीट बघितला. वाघाच्या मागं, डाव्या कोपऱ्यात, दुसरी एक जिप्सी आहे. तीत पुढं एक माणूस सीटखाली दबून बसला आहे, नुसती टोपी दिसते. हिरवी, पिवळ्या पट्ट्याची. ती टोपी मी तुझ्यासाठी सुती दोऱ्यानं विणली होती. असली दुसरी टोपी जगात नाही, कारण दोरा संपला म्हणून कडेला मी तांबडा धागा घातला होता. तोही दिसतो आहे. तुमचा कॅमेरा खरंच चांगला आहे.

वाघ सोबत पाठवते. त्याच्या मागं, हा ज्यानं काढला त्याचं नाव लिही आणि परत पाठव. तुझ्या हातानं लिही, टाइप नको.

मग लावीन. जागा ठेवली आहे.

तुझी काकी,
अंबूबाई